गसच्या काळजाची रेघ

नेरिसने आमच्या गस घोड्याच्या छातीला पट्टा बांधला त्या दिवशी मला काय वाटलं ते खरं सांगते: मला तिचा हेवा वाटला. उभी हयात माझी इंग्लंडात, न्यूमार्केटच्या शर्यतीच्या पागांमध्ये लीद उपसण्यात गेली. गसला तर तो आल्यापासून मीच बघतेय. आणि ही कालची पोरगी त्याचं काळीज घरबसल्या पडद्यावर बघणार!

नेरिस वेल्सची, घोड्यांची डॉक्टर, गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात काम करणारी. शर्यतीच्या घोड्यांच्या पोटात व्रण का होतात हे ती शोधत होती. आमचे घोडे सकाळी हीथच्या मोकळ्या माळावर धावून आले की उरलेला दिवस ठाणात कोंडलेले. तिथे ते कशाने बिचकतात, कशाने निवतात, हे नाडीवरून कळतं. जास्त बिचकणाऱ्याचं पोट आधी बिघडतं, असं तिचं म्हणणं. पट्ट्यात नाडी मोजणारी डबी आणि ठाणात एक छोटा कॅमेरा. साहेबांनी, म्हणजे आमचे ट्रेनर मिस्टर डेबनी यांनी, लगेच होकार दिला. घोडा चंदी टाकायला लागला, दाण्याला तोंड लावेना, की साहेबांचंही जेवण सुटतं.

गस तर पहिल्यापासून पोटाचा नाजूक. शर्यतीच्या पत्रिकेत त्याचं भलंमोठं नाव असतं, ते आम्ही कुणी घेत नाही. तांबूस रंगाचा, लांब मानेचा, सावलीलाही दचकणारा घोडा. संध्याकाळी खरारा झाला की मी त्याच्या ठाणात बादली पालथी घालून बसायची. चहा प्यायची, दिवसभराची गाऱ्हाणी सांगायची. घरी कुणाला सांगणार? नवरा कॉलिन ऑस्ट्रेलियाला गेला तो तिकडचाच झाला. भाऊ नाताळात फोन करतो, तोही हवापाण्याचा.

त्या शरदात साहेब म्हणाले होते, की हंगाम संपला की घोड्यांची नव्याने वाटणी करू. मी समजले. माझा खुबा गेल्यापासून मी स्वारी करत नाही. गसला आता खरारा आणि स्वारी दोन्ही करणारं माणूस मिळणार. मला रात्री झोप लागेना. मग मनात आलं, नेरिसच्या यंत्रातच दिसू दे ना, की या घोड्याला मी लागते! शास्त्राने सांगितल्यावर साहेब काय बोलणार?

लागले की कामाला. ठाणात शिरताना शीळ घालायची, खिशात पेपरमिंट ठेवायचे, "आलं रे माझं लेकरू" असं म्हणत कडी वाजवायची. मला वाटायचं, मी दिसले की त्याचं काळीज उडी मारेल आणि पडद्यावर हा उंच डोंगर उठेल.

नेरिसने कॅमेऱ्यात पाहिलं आणि मला गाठलंच.

"लिन, पेपरमिंट बंद."

"का गं? तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझ्या बापाचं नाही, माझ्या प्रयोगाचं जातं. रोज वागतेस तशी वाग."

"रोजची अशीच असते मी."

"हो का? रोज शीळ घालत आत जातेस? तुझ्यासारखी शीळ ऐकली तर मीसुद्धा चंदी सोडीन."

मला हसू आलं. पोरगी बरी होती. मी पेपरमिंट स्वतःच खाऊन टाकले आणि नेहमीसारखी वागायला लागले.

नोव्हेंबरात तिने मला खोगिरांच्या खोलीत बोलावलं आणि लॅपटॉप उघडला. एक एक रेघ दाखवत गेली. नालबंद आला, रेघ वर. साहेब पाय चाचपायला आले, रेघ वर. चंदीची गाडी वाजली, तेव्हाही वर.

"आणि ही तू," ती म्हणाली.

मी चष्मा पुसून पाहिलं. काहीच नव्हतं. सपाट. मी आत गेले तिथे रेघ उलट थोडी खाली गेली होती.

"म्हणजे मी आले काय, गेले काय!" माझा आवाज चढला. "तीन वर्षं, नेरिस! नालबंदाला उडी मारतो आणि मी कोण, पाण्याची बादली?"

"अगं बाई, ऐकून तरी घे. या रेघेची उडी म्हणजे बिचकणं. सगळ्या जगाला बिचकतो तो. तू आलीस की त्याचं काळीज शांत होतं. असं या पागेत दुसऱ्या कुणाचंही झालेलं नाही."

मी खोगीर ठेवायच्या लाकडी घोडीला टेकून रडले. नेरिसने पाठीवर हात ठेवला. कुणी पाठीवर हात ठेवून किती दिवस झाले होते, देव जाणे. घरी जाताना मासे आणि बटाट्याच्या काचऱ्या घेतल्या आणि रस्त्यातच खाल्ल्या. आता गस माझा, म्हटलं.

साहेबांनी सोमवारी बोलावलं. पुढ्यात नेरिसचा अहवाल होता.

"लिन, कमाल आहे तुझी! मला आधीच कळायला हवं होतं."

"मग गस माझ्याकडेच ना, साहेब?"

"गस? छे! गस आता निवलाय, त्याला आर्लीन बघेल. तुला मी ती नवी काळी घोडी देतोय, लाथा मारते ती. आणि तो करडा. दोघांनीही चंदी टाकलीये. तुझ्या हाताची गरज त्यांना आहे."

"साहेब, मी त्याला सोडून…"

"तूच सांग ना. बऱ्या झालेल्या घोड्यापाशी तुला बसवून ठेवू, आणि या दोघांना पोट जाळून घेऊ देऊ?"

मेला बरोबर बोलत होता, त्याचाच राग आला. बाहेर आले आणि घमेल्याला लाथ घातली.

आर्लीन फिलिपिन्सची. मवाळ, हसरी, स्वारीत पक्की. तिच्यात खोट काढायचा मी फार प्रयत्न केला. रोज संध्याकाळी घोडीचा खरारा झाला की गसच्या दाराशी जाऊन चंदीच्या भांड्यात डोकावायची. तोंडाने म्हणायची, "खाल्लं ना राजा सगळं?" आणि मनातून वाटायचं, टाकावी मेल्याने. एक दिवस तरी माझ्यावाचून चंदी टाकावी. त्याच्या पोटात दुखावं असं वाटायचं मला, इतकी मी खालच्या पातळीला गेले होते. भांडं रोज चाटूनपुसून स्वच्छ.

काळी घोडी माझ्या हाताखाली निवत गेली. फेब्रुवारीत नेरिस तिची रेघ दाखवायला आली. छान उतरली होती.

"गसचं काय?" मी विचारलं.

तिने गसच्या रेघेचा कागद काढला. मग म्हणाली, "बरा आहे. पोटात दुर्बीण घालून पाहिलं, व्रणाचं नाव नाही. आर्लीन आत गेली तरी रेघ सपाट राहते आता."

"माझ्यासारखी?"

"तुझ्यासारखी."

"चांगलं झालं," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं जमलं ते वाक्य. "मग चेहरा का पाडलास?"

"लिन, संध्याकाळी रोज एक उडी दिसते. चांगली उंच, उतरायला बराच वेळ घेते. दिवसभरात तेवढी एकच. कॅमेऱ्यात बघितलं. तू दाराशी येतेस तेव्हाची आहे."

मी कागद ओढून घेतला. "आनंदाने, का बिचकून?"

"कागदाला ते कळत नाही गं. मलाही नाही."

मी त्या डोंगरावरून बोट फिरवलं. कसलाही असो, पोटाला तो वाईटच. हे नेरिसने मला सांगायची गरज नव्हती आणि तिने सांगितलंही नाही.

हल्ली संध्याकाळी काम झालं की मी गसच्या दारावरून जात नाही. लिदीच्या ढिगामागून वळसा घालून बाहेर पडते. तिथे चिखल असतो आणि खुबा दुखतो.