ओळीची पलीकडची बाजू

हट्टीपणात आमच्या अण्णांचा हात कोणी धरला नसता. मखमलाबादच्या मळ्यात झेंडूचे क्रेट उचलता उचलता त्यांची कंबर धरली, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर खाली बसलेल्या अण्णांना उठवायला माणसं लागू लागली.

फुलं तोडताना ओळीच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला अण्णा, हे लग्नापासूनचं. भांडणंसुद्धा झाडांवरूनच व्हायची. आता आई एकटीच आधी अलीकडून, मग पलीकडून तोडायची आणि अण्णा बांधावर खुर्ची टाकून तिच्या चुका काढायचे. त्यांना एकच हवं होतं. दसऱ्याच्या तोडणीला आपल्या जागी बसायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं.

देवळाली कॅम्पातले रंगनाथ सर फौजेत व्यायाम शिकवायचे. त्यांनी अण्णांना एक हलका डंबेल दिला. उताणं झोपायचं, डंबेल धरलेला हात छताकडे ताठ करायचा, नजर त्याच्यावर. मग दुसऱ्या हाताचं कोपर, तळहात, मग गुडघा असं टेकत उभं राहायचं. डंबेलचा हात मात्र खाली येता कामा नये. आई डंबेलवर झेंडूचं फूल ठेवायची. फूल पडलं की अण्णा हरले. गुडघ्यावर आले की त्यांचा तोल जायचा, फूल पडायचं आणि ते आईचा खांदा पकडायचे.

"नजर वर ठेवा. माझ्याकडं काय बघता?" आई म्हणायची.

गणपती गेले आणि आईचा डावा हात दुखायला लागला. कळ जबड्यापर्यंत जायची. टोपल्या उचलून हात भरून आलाय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. अण्णांना तर नवा विद्यार्थी मिळाल्याचा आनंद.

"बाम काय करतो? हे धर डाव्या हातात. मोकळा होईल."

आई हसत फरशीवर आडवी झाली. हात वर केला आणि अर्ध्यातच घामाघूम झाली. "तुमचं तुम्हालाच लखलाभ. मला लय दम लागला."

"बघ, म्हणजे तुला गरज हाय."

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी टेम्पोत क्रेट लावत होते. अण्णांची हाक ऐकून वळले. आई ओळीत आडवी पडली होती आणि अण्णा तिचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसले होते. मी पळत सुटले. मी पोचायच्या आत त्यांनी तिचं डोकं हलकेच खाली ठेवलं, तळहात मातीत रोवला, गुडघा टेकला आणि एकटे उभे राहिले. दुसरा हात ताठ वर करून ते टेम्पोवाल्याला ओरडत होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत आई गेली होती. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले, हात बरेच दिवस सांगत असेल. अण्णांनी एवढंच विचारलं, "व्यायामानं झालं का?" डॉक्टर नाही म्हणाले. अण्णांना ते अजून पटलेलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

हल्ली दसऱ्याला ते आपल्या जागी बसून तोडतात, मग उठून वळसा घालतात आणि आईच्या जागी बसतात. मी हात पुढे केला की चिडतात. पण तोडणी संपली की दरवर्षी हळूच विचारतात, "मंजू, मी उठलो तवा तिचे डोळे उघडे होते का गं?"

मी तेव्हा लांब होते, मला दिसलं नव्हतं. मी म्हणते, "होते, अण्णा."