पद्मजाबाईंचे मेल कुठे गेले

पद्मजा देगावकर शाळेतून निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून वापरलेला कंप्युटर घेतला. मोबाइलवर त्यांची बोटं भलत्याच अक्षरांवर पडायची. आतलं सगळं साफ केलंय, असं दुकानदार म्हणाला होता. यंत्र सुरू व्हायला वेळ लावायचं, पण एकदा सुरू झालं की ब्राउझर उघडून त्या आपले मेल बघायच्या, बातम्या वाचायच्या. त्यांचं काही अडत नव्हतं.

अडलं ते डी.एड.च्या बॅचच्या मेळाव्यापायी. अक्कलकोटच्या राजशेखर म्हेत्रेंनी जुन्या मंडळींचे ईमेल पत्ते जमवून पाठवले आणि आमंत्रणाचं काम बाईंकडे दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या, असं एकजण म्हणाला, पण बाईंना प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचं होतं.

पत्ते एका फाइलमध्ये निळ्या अक्षरांत होते. एखाद्यावर क्लिक केलं की आपोआप एक कोरी चौकट उघडायची. नेहमीच्या मेलसारखी ती दिसत नव्हती, जरा जुनाट वाटायची. कंप्युटरच जुना, म्हणून बाईंनी फार विचार केला नाही. मजकूर लिहायचा, सेंड दाबायचं, चौकट नाहीशी व्हायची.

सगळ्यांत लांब पत्र त्यांनी फुलाबाईला लिहिलं. फुलाबाई सांगोल्याकडची, घरी मेंढरं राखणारी माणसं, आणि हॉस्टेलवर दोघी एका खोलीत. पुढे लग्नं झाली, बदल्या झाल्या, भेटी थांबल्या. त्या पत्रात बाईंनी कुणालाच न सांगितलेलं लिहिलं. यजमान गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं, आणि मुलाचा फोन आला की मी मजेत आहे असंच सांगते, असं.

उत्तर आलं नाही. कुणाचंच आलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन त्या कंप्युटरपुढे बसायच्या. बाकीच्यांचं त्यांना एवढं वाटलं नाही, पण फुलाबाईचं लागलं. इतकं मन मोकळं केलं ते चुकलंच, असं वाटायला लागलं.

शेवटी त्यांनी राजशेखरना फोन केला. ते म्हणाले, मी त्याच दिवशी उत्तर दिलं की. बाईंनी परत शोधलं. उत्तर तर नव्हतंच, पण पाठवलेल्या मेलमध्ये त्यांची स्वतःची पत्रंही नव्हती. आपण ती लिहिली तरी होती का, अशी शंका त्यांना आली. पण मग राजशेखरना मिळालं ते काय?

दोन दिवसांनी फुलाबाईचाच फोन आला. नंबर तिनं राजशेखरकडून घेतला होता.

"पद्मे, तू टेंभुर्णीला कदी गेलीस?"

बाईंना काही कळेना. टेंभुर्णीला त्या बस बदलण्यापुरत्या कधीकाळी उतरल्या असतील.

"मग ह्यो महेश्वर कोन? तुला एवढं मोटं उत्तर धाडलं, तर ह्याचं उलट आलं. म्हनतोय, ताई, मी पद्मजा न्हाय, माझा टेंभुर्णीत ट्रान्सपोर्टचा धंदा हाय."

फुलाबाई हसत होती. आपलं खातं कुणीतरी चोरलं, याबद्दल बाईंना मात्र शंका उरली नाही. बँकेचे मेल त्यावरच यायचे. त्यांनी घाईघाईने पासवर्ड बदलला, आणि मग सगळ्यांना सावध करावं म्हणून पुन्हा ते निळे पत्ते एकेक करून उघडले. माझं मेल चोरीला गेलं आहे, माझ्या नावाने काही आलं तर विश्वास ठेवू नका, असं लिहिलं आणि खाली सही केली, पद्मजा देगावकर.

संध्याकाळपर्यंत फोनवर फोन यायला लागले. विश्वास कुणावर ठेवायचा नाही, आधीच्या पद्मजावर की आत्ताच्या, असं राजशेखर विचारत होते. हा इशाराही टेंभुर्णीच्या महेश्वरच्याच पत्त्यावरून आला होता. बाईंनी पासवर्ड बदलल्यानंतरही तो चोर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच सहीने लिहीत होता. बरं, चोर असेल तर तो स्वतःच सावध राहा असं का सांगेल? त्यांनी कंप्युटरची वायर काढून ठेवली आणि पलंगावर बसून राहिल्या.

फुलाबाईनं महेश्वरला त्यांचा नंबर दिला, आधी विचारून. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. माणूस पन्नाशीचा असावा, आणि बाईंपेक्षा जास्त घाबरलेला. आठवडाभर अनोळखी मास्तर-मास्तरीण त्याला प्रिय पद्मजा म्हणून लिहीत होते. काल तर, तू कोण आहेस ते खरं सांग, असा दमही एकानं भरला होता. आपलंच खातं कुणीतरी फोडलं, असं त्याला वाटत होतं.

दोघांनी बराच वेळ एकमेकांना मी चोर नाही हे सांगितलं. मग त्यानं कंप्युटर लावायला सांगितलं. निळ्या पत्त्यावर क्लिक करा म्हणाला. चौकट उघडली.

"ताई, वर फ्रॉम लिवलंय, तितं कुनाचं नाव हाय?"

बाईंनी तिथे कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी चष्मा नीट केला आणि वाचलं. "महेश्वर रोडलाइन्स."

त्यानं त्यांना ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"आमच्या हापिसातला जुना कंप्युटर मी सोलापुरातच विकला हुता," तो सावकाश म्हणाला.

मग हळूहळू उलगडलं. त्याच्या ऑफिसचा मेलचा प्रोग्राम त्या यंत्रात राहून गेला होता, पासवर्डसकट. पत्त्यावर क्लिक केलं की कंप्युटर आपल्या मनाने तोच उघडायचा. पत्रं त्याच्या नावाने जायची आणि उत्तरं त्याला मिळायची. बाईंनी तो प्रोग्राम पूर्ण उघडला तर आत डिझेल, टायर आणि मालाच्या गाड्या यांचे मेल रांगेने दिसले. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटून त्यांनी तो बंद केला.

"उत्तराच्या खाली तुमचं पत्र बी येतंय," महेश्वर म्हणाला. "फुलाताईंचं आलं तवा मी समदं वाचलं. वाचायला नको हुतं."

आपल्याला राग येईल असं बाईंना वाटलं, पण आला नाही. "आता वाचलंत ना," त्या म्हणाल्या, "मग हे नीट कसं करायचं ते सांगा."

तेही त्याला धड माहीत नव्हतं. त्यानं शेजारच्या दुकानात विचारून परत फोन केला. कंट्रोल पॅनलमध्ये डिफॉल्ट प्रोग्राम्स म्हणून जागा असते, तिथे मेलसाठी ब्राउझर निवडायचा. पहिल्यांदा बाईंनी भलतंच काहीतरी निवडलं आणि पत्त्यावर क्लिक केल्यावर पुन्हा ट्रान्सपोर्टचीच चौकट आली. दुसऱ्यांदा ब्राउझरचं नुसतं पांढरं पान उघडलं. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्यांच्या मेलला तशी परवानगी द्यायची होती, ती सापडता सापडेना. सापडली तेव्हा फ्रॉमपुढे त्यांचं स्वतःचं नाव आलं. त्यांनी ते महेश्वरला मोठ्याने वाचून दाखवलं. मग त्याच्या सांगण्यावरून त्याचं खातं आणि त्यातलं सगळं यंत्रातून काढून टाकलं. त्यानंही तिकडे पासवर्ड बदलला आणि अडकलेली उत्तरं बाईंकडे पाठवून दिली.

तरी घोळ लगेच निस्तरला नाही. खरी पद्मजा कोणती, हे पटवायला त्यांना जवळजवळ प्रत्येकाला फोन करावा लागला. बार्शीच्या एका बाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या मेळाव्याला आल्या नाहीत.

फुलाबाईला बाईंनी नव्यानं पत्र लिहिलं. पाठवण्याआधी वरचं नाव तीनदा पाहिलं, पाठवल्यावर ते गेलेल्या मेलमध्ये आहे का तेही पाहिलं. होतं. तरी खात्री वाटेना, म्हणून फोन लावला.

"आलंय की," फुलाबाई म्हणाली. "पन मी काय ते उघडत न्हाय आता. तूच सांग, दुपारी काय करतीस."

बाईंनी कंप्युटरकडे पाठ केली, खुर्ची खिडकीशी ओढली आणि सांगायला लागल्या.