दोन सेंटीमीटर वजा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मीटरपट्टी आहे, पण मीटरभर नाही. अठ्ठ्याण्णवच सेंटीमीटर आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

डोंगराकडच्या एका सुताराने मला लेंगा नावाच्या रानझाडाच्या लाकडातून रंधून काढलं, आकडे कोरले आणि त्यात काळी शाई भरली. पहिली अकरा वर्षं मी पोसो तोर्सिदो गावातल्या कापडाच्या दुकानात काढली. तेव्हा मी पुरती शंभर होते. दुकान बंद झालं तेव्हा निल्दा वेंचुलने मला मागून घेतलं. निल्दा शिवणकाम करते. पोरांचे शाळेचे पांढरे झगे, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या विजारी, फाटक्या तंबूला ठिगळ, समोर येईल ते शिवते.

आमच्या पॅटागोनियातला वारा दार वाजवत नाही, सरळ आत घुसतो. म्हणून निल्दा मला दाराच्या फटीत अडकवून ठेवायची. मोजायची पट्टी ती, तिला दाराचा अडसर केलं! एका दुपारी दार असं आपटलं की माझं टोक चेचलं. निल्दाच्या बापाने करवत घेतली आणि फुटका भाग उडवून टाकला. म्हणाला, "घे, आता कुसळ लागायचं नाही."

कुसळ गेलं, आणि माझे पहिले दोन सेंटीमीटरही गेले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. निल्दाचं काही अडलं नाही. ती दहाच्या आकड्यापासून मोजायची आणि शेवटी दहा वजा करायची. हाताला सवयच झाली होती, त्यामुळे तिची एक बाही कधी चुकली नाही.

शिवणातून वेळ उरला की निल्दा बेतायच्या खाकी कागदावर डायनासोर काढायची. कुणी शिकवलेलं नव्हतं. सुरुवातीचे तर बघवत नव्हते. लाल डोळे, लोंबती जीभ, आणि शेपूट जमिनीवर फरफटतंय. असाच एक घेऊन ती गावच्या संग्रहालयात गेली. संग्रहालय म्हणजे एकच खोली. ती एलिसेओकाका सांभाळतात. ते आधी शेळ्या राखायचे, आणि हरवलेली शेळी शोधताना त्यांनाच तिथली डायनासोरची हाडं सापडली होती.

काकांनी कागद उलटसुलट करून बघितला. "निल्दाबाई, शेपूट खाली का घासतंय?"

"एवढं मोठं जनावर. जड होत असेल."

"मग या दगडावर त्याचा माग दाखव. ही पावलं बघ, एक, दोन, तीन. मधे एक तरी ओरखडा आहे?"

निल्दा दगडावर ओणवी होऊन खूप वेळ बघत बसली. ओरखडा नव्हता. घरी येऊन तिने शेपूट खोडलं आणि वर उचललं. मग रोजचंच झालं. हाडावर स्नायू कुठे चिकटत होता त्याच्या खुणा बघायच्या, मग मान किती जाड ते ठरवायचं. कातडीवर खवले होते, कारण चिखलात त्यांचा ठसा उरलाय. रंगाचा मात्र काही पुरावा नव्हता. तो ती टेकड्यांचा घ्यायची आणि सांगायची, "रंग माझा, हाडं त्याची."

गावाच्या वर्धापनदिनासाठी मेयर बास्तिदास यांनी तिला संग्रहालयाची बाहेरची भिंत दिली. त्या हाडांवरून मांसाहारी डायनासोर काढायचा, खऱ्या मापाचा. निल्दाला पहिल्यांदाच कुणी भिंत दिली होती. तीन दिवस तिला जेवण गेलं नाही.

मोजायच्या दिवशी काका मला हाडाला लावून आकडे ओरडत होते आणि निल्दा वहीत लिहीत होती. मधे येर्बाच्या पानांचं कडू, गरम पाणी चाललं होतं, एक घोट तिचा, एक त्यांचा.

"मांडी, ब्याण्णव!"

"लिहिलं."

"कोपराखालचं हाड, नऊ! बोटाचं, चार!"

"लिहिलं, लिहिलं. काका, पाणी गार होतंय."

काका माझं कापलेलं टोक हाडाला भिडवत होते. त्यांना माझी गोष्ट माहीत नव्हती. निल्दाला माहीत होती, पण तिचे डोळे वहीत. मी मनातल्या मनात बोंबलत होते. पट्टीचं ऐकतंय कोण!

मांडीत दोन सेंटीमीटर वाढले तर कुणाच्या बापाला कळत नाही. पण दोनच्या बोटाचे चार झाले की बोट दुप्पट होतं. भिंतीवर त्या जनावराला चांगला झडप घालणारा पंजा आला. मेयर इतके खूश झाले की तोच पंजा झेंड्यावर लावून घेतला. झेंडा शिवला कुणी? निल्दानेच.

रविवारी सोहळा होता. गुरुवारी काकांनी पोरांना हातात धरता यावं म्हणून बोटाच्या हाडाचा हुबेहूब प्लास्टरचा नमुना आणला. निल्दाने तो सहज भिंतीवरच्या बोटाला लावला. अर्ध्यातच संपला.

"काका, प्लास्टर आटलं का?"

"प्लास्टर काय लोकर आहे का आटायला?"

निल्दाने मला उचललं, टोक नमुन्याला लावलं आणि वाचलं, चार. मग माझं टोक बघितलं. "मोडून चुलीत घालते हिला!" तिने मला गुडघ्यावर धरलं. मी कडकडले.

काकांनी मला हिसकावून घेतलं. "हिच्या अंगावर पहिलाच आकडा तीन आहे. हिने काय लपवलं? मी वाचलं नाही आणि तू सांगितलं नाहीस."

निल्दा तडक मेयरकडे गेली. ते हसले. "बाई, मोजायला कोण येणारय? तो मेलाय केव्हाच. तक्रार करायचा नाही."

"तो नाही करणार. पण त्याचं हाड आत काचेत आहे."

"हे बघ, रविवारी भिंतीवर ओला रंग दिसला, की मी अख्खी भिंत पांढरी करीन आणि गावाचं नाव लिहीन. मग बस तुझा डायनासोर घेऊन."

वाऱ्यात ओल्या रंगावर वाळू चिकटते, म्हणून निल्दाने एक जुना तंबू उसवला आणि भिंतीला आडोसा बांधला. माझ्या दहाच्या आकड्यापासून तिने पंज्याची हाडं पुन्हा मोजली. बोटं पुसली. कोपराखालचा हात छाटून सातावर आणला. शनिवारी संध्याकाळी तिने रंगावर आपलं बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं आलं.

रविवारी आडोसा निघाला आणि गाव खो खो हसलं.

"हात आहेत का बटणं?"

"बिचारा नाक कसा पुसत असेल!"

सगळ्यात मोठ्याने खाटीक रुफिनो हसत होता. निल्दाचे कान लाल झाले. तिने सरळ त्याच्या हातात तो नमुना दिला. रुफिनोचा जन्म हाडं हाताळण्यात गेलाय. त्याने नमुना बोटाच्या चित्राला लावला. नखभरही फट उरली नाही.

"च्यायला," तो म्हणाला, "बसलं की." मग हळूच स्वतःचं बोट शेजारी धरलं. "एवढ्या धिप्पाड जनावराचं बोटाचं हाड माझ्या पेराएवढं?"

मग रांगच लागली. मेयरही रांगेत होते, फक्त झेंडा पाठीमागे धरून.

मित्रांनो, आता मी त्या नमुन्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते. निल्दाने तापल्या तारेने माझ्या पाठीवर लिहून ठेवलंय, "टोकापासून मोजलं तर दोन वजा करा." पोरं मला काढतात, आपला हात मोजतात, वजाबाकी करतात आणि पुन्हा टांगतात. काही नुसतीच टाकून जातात, त्यांचा मला राग येतो. मोडकी वस्तू फेकू नका. तिची खोट काय ती तिच्यावरच लिहून ठेवा, म्हणजे ती कुणाला फसवणार नाही. आणि मला हातात घ्याल तेव्हा आधी माझं टोक बघा. बोलता येत असतं, तर त्या दिवशीच सांगितलं असतं.