तळ्यातली बाळंतखोली

कापसानं त्या सालांत वऱ्हाडाला पार येडं केलं होतं. सातासमुद्रापलीकडं गोरे आपसात लढत होते, तिकडचा कापूस अडला होता, आणि इकडं अमरावतीच्या बाजारात किडक्या बोंडालासुद्धा गिऱ्हाईक होतं. ज्याला त्याला काळी माती हवी. गावठाण पेरून झालं, मसणवट्याच्या कडेनं पेरून झालं, मग सावंगीच्या खुशालराव पाटलांची नजर तळ्यावर गेली. पिढ्यान्‌पिढ्या साचलेला गाळ होता तिथं. बांध फोडून पाणी सोडून दिलं की झाली पांढऱ्या सोन्याची जमीन!

पाण्यावर जगणाऱ्या भोयांनी मग काय खायचं, हे पाटलांना विचारायची कोणाची छाती झाली नाही. नत्थुजी भोई तेवढा गेला.

"कापूस वेचाले ये ना लेका," पाटील म्हणाले. "तुले कोनं अडवलं?"

नत्थुजी खाली मान घालून परत आला. बाप-आजा त्याच तळ्यावर जगलेले. त्याला रडू येत होतं, पण बायकोसमोर, जमुनेसमोर, रडायची लाज वाटली.

बांध फोडायला पैसा घालणार होते अकोल्याचे आडते महादेवराव. जमीन डोळ्यांनी बघावी म्हणून ते वैशाखात आले. पाटलांनी नत्थुजीला बोलावणं धाडलं. "पाहुन्याइले गळ टाकाचा शौक हाय. डोंग्यात फिरव, मासा दाखव. नाईतरी शेवटचंच पानी हाय हे."

पाहुण्यांना गळाला नेणं हे नत्थुजीचं नेहमीचंच काम. अमरावतीचे वकील येत, छावणीतले साहेब येत. डोंगा कुठं थांबवायचा, आमिष कोणतं लावायचं, दोरी कधी ढिली सोडायची, सगळं हा सांगणार. मासा निघाला की मिशीला पीळ मात्र पाहुण्यानं द्यायचा. आणि मासा म्हणजे शिंगाळा बरं का. अंगाला खवला नाही, तोंडाला लांबलचक मिशा, आणि जोर असा की डोंगा फिरवून टाकील.

त्या सकाळी वल्हं हातात घेताना नत्थुजीनं मनाशी गाठ बांधली होती. या माणसाला तळ्याचा नाद लागला तर तो तळं फोडायला पैसा देणार नाही. मासा लागलाच पाहिजे.

आणि नेमका मासा लागेना. बांधाजवळच्या खोल पाण्यात बसले, बुडालेल्या बाभळीपाशी बसले, गांडूळ झालं, बेडूक झाला. ऊन डोक्यावर आलं. महादेवरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"नत्थुजी, मासे हायेत का नुसत्या म्हशीच बसतात पान्यात?"

"हायेत ना जी."

"कापूसच बरा बावा. जागेवर उभा तरी राह्यते. वळवा डोंगा."

नत्थुजीनं डोंगा वळवला. वाटेत, उथळ पाण्यात, एक बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकाला कडुलिंबाची फांदी. तिकडं बघायचं नाही असं त्यानं सकाळपासून ठरवलं होतं, पण बघितलं.

बाळंतिणीच्या दाराला कडुलिंब बांधतात ना, तीच खूण. वैशाखात शिंगाळा तळाच्या गाळात खड्डा करतो, पिल्लं त्यात असतात, आणि नर खाणंपिणं सोडून त्यांच्यावर पहारा देतो. भोई त्या खड्ड्याला बाळंतखोली म्हणायचे. बाळंतीण मिशावाली, म्हणून बायका हसायच्या. पण फांदी दिसली की कोणी तिथं गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही. खड्डे शोधून फांद्या बांधायचं काम नत्थुजीच्या घराकडं होतं. ही फांदी त्यानंच बांधलेली, अक्षय्य तृतीयेला.

एक गेला तर गेला, त्याच्या मनात आलं. तळं तर राहील.

"जराक थांबा जी," तो म्हणाला. "अठी टाकून पाहा."

पहाऱ्यावरचा मासा जवळ येईल त्याला चावतो. गळ बुडाला न बुडाला तोच दोरी ताणली. डोंगा डुचमळला, महादेवरावांचं पागोटं पाण्यात गेलं आणि त्यांना पत्ताही नाही. मासा आत आला तेव्हा ते लहान पोरासारखे हसत होते. उभ्या जन्मात एवढा आनंद झाला नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बांधावर पाय ठेवताच ते पाटलांना म्हणाले, "हे तळं फोडाचं? येडे झाले का तुमी? माह्या पैशानं नाई फोडू देनार."

बांध फोडायचा बेत पाटलांनी तिथंच सोडला. नत्थुजीला एकदम हलकं वाटलं.

बैलांच्या दमणीत बसताना महादेवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वैशाखात दोस्त घेऊन येतो. जागा समजली मले. लिंबाची फांदी दिसली का तठी गळ टाकाचा. होय ना?"

व्यापारी माणूस तो, नजर चुकते का त्याची!

"होय जी," नत्थुजी म्हणाला.

रात्री जमुनेनं विचारलं, "कुठीसा लागला मासा?" त्यानं सांगितलं. तिनं ताटात भाकर वाढली. "तळं राह्यलं ना पन," तो म्हणाला. "राह्यलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो डोंगा घेऊन तिथं गेला. खड्ड्यावर पिल्लं खाणाऱ्या मुरीमासोळ्यांचा गोंधळ होता. पिल्लू एक उरलं नव्हतं. त्यानं बांबू उपटला, मग तळ्यातले बाकीचेही उपटले.

पुढच्या वैशाखात दमण्या भरून पाहुणे आले. तळ्यात एकही फांदी नव्हती.

"यंदा कोनी बाळंत नाई जी," नत्थुजीनं तोंडभर हसून सांगितलं आणि त्यांना पार दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं त्यांना बरे मासे मिळाले, ते खूश होऊन गेले. नत्थुजी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होता.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी त्याचा धाकटा भाऊ पंजाबराव खांद्यावर भला मोठा शिंगाळा टाकून अंगणात आला. "दादा, पाहा! उथळात होता, वरच्यावर. गळ टाकल्याबरोबर लागला."

नत्थुजीनं माशाच्या पोटाला हात लावला. पोटाची कातडी सुजून मऊ पडली होती. पिल्लांवर बसलेल्या नराची होते तशी.

"काहून, काय झालं?" पंजाबराव गोंधळला. "फांदी नोती ना तठी. मी पाह्यलं नीट. फांदी असती तर मी टाकला असता का?"

"नसता टाकला," नत्थुजी म्हणाला. "फांदी बांधाचं काम माह्यं होतं."