आत्याने पेले सारखे केले

दोन हिवाळ्यांपूर्वी बाबा तापातून उठले, पण त्यांचं नाक गेलं ते गेलंच. पुढ्यात कांदा करपला तरी त्यांना पत्ता लागत नाही. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. बोललो मात्र कधीच नाही. तळघरात वाइन चाखायची वेळ आली की चांगल्या पिंपाचा पेला मी बोटभर जास्त भरते. तो बाबा पितात, बाकीचे बादलीत थुंकतात. प्यायलेली वाइन आमच्या नावाच्या बाटल्यांत जाते, थुंकलेली सुटी विकतो. त्यांच्या शब्दापुढे घरात कुणाचं चालत नाही.

यंदा पाच पिंपं होती. चौथ्यात आईच्या, म्हणजे एर्सिलियाच्या, चढावरच्या बार्बेरा द्राक्षांची वाइन, तिनं स्वतः खुडलेली शेवटची. डिसेंबरात आई गेली.

पेले मांडून मी पिंपाचा नळ आवळायला वळले, तेवढ्यात झिता आत्या चीज घेऊन खाली आली.

“अगं निवेस, वाढायची ही काय रीत? एकात तळ, एकात गळा! आईमागे पोरीला वळण नाही म्हणतील लोक.”

मी “आत्या!” म्हणेपर्यंत जास्तीची वाइन बादलीत गेली होती. पाचही पेले एका रेषेत. आणि बाबा जिन्यावर.

त्यांनी पेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत्या कंबरेवर हात ठेवून मध्येच उभी. मी काय करणार होते?

पहिला थुंकला. दुसऱ्याला थांबले, गिळला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“ही एर्सिलियाची. हजारात ओळखेन.”

ती रस्त्याकडच्या तुकड्यातली होती, जराशी आंबटच. आत्यानं एप्रनला डोळे पुसले. चौथा पेला बाबांनी थुंकला. “सुटी,” म्हणाले.

वर जाताना ते माझ्यापाशी थांबले. हळूच, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “बरोबर ना गं?”

“बरोबर, बाबा.”

चौथ्या पिंपावर सुट्या वाइनची खडूची फुली मीच मारली.

शनिवारी शेजारचे रेमोकाका बुधला घेऊन आले. “फार चांगली नको हं पोरी, मटणाच्या रश्शात घालायचीय.”

मी चौथ्या पिंपाचा नळ सोडला आणि बुधला गळ्यापर्यंत भरून दिला.