चाळीस कागद, एक अक्षर

मार्गिलानच्या रेशीम कारखान्यात नवे संचालक आले ते ताश्कंदहून चाळीस छापील कागद घेऊनच. "कामात मन रमतं का? काही त्रास आहे का? मोकळेपणाने लिहा, नाव घालू नका," असं बजावून ते निघून गेले.

बिचाऱ्या साहेबांना इथली रीत ठाऊक नव्हती. थोरल्यांच्या आधी इथे कोणी चहाची पियालीसुद्धा उचलत नाही, मग मत कुठून मांडणार? घटकाभरात चाळीसही कागद मोहिरापुढे येऊन पडले. तीच सगळ्यांत जुनी. उकळत्या पाण्यातल्या कोशांचा धागा काढण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती.

"मोहिरा आपा, तुम्ही लिहाल तेच आमचं," बायका म्हणाल्या.

दिलोरोम तेवढी घुटमळली. तिला कामाला लागून दोनच महिने झाले होते आणि बोटं फोडांनी भरली होती. "आपा, थंड पाण्याच्या वाडग्याचं लिहा ना. शेजारी एकेक असला तरी बोटं बुडवता येतील."

हेच मोहिराने सतरा वर्षांपूर्वी तोंडाने मागितलं होतं. मुकादम एर्गाश अका सगळ्यांदेखत म्हणाला होता, "कामाला आलीस की हमामात?" सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बॉयलरलगतची जागा मिळाली. तेव्हापासून ती तोंडाने फक्त चहा प्यायची.

आताही एर्गाश अका दारात उभा होता. नाव नसलं म्हणून काय झालं, अक्षर तर तिचंच. तिने चाळीस वेळा लिहिलं, 'त्रास नाही.' लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

आठवड्याने संचालक खूश होऊन आले. "एकही तक्रार नाही. याला म्हणतात एकजूट." चाळीस कागदांवर एकच अक्षर कसं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. अंगणात कढई चढली, सगळ्यांना पुलाव.

दिलोरोम मोहिराच्याच ताटाला बसली. पुलाव नुकताच कढईतून उतरला होता. मोहिराने सवयीने बोटांनी दाबून घास उचलला.

"आपा, थांबा, चटका बसेल."

मोहिरा सावकाश चावत राहिली. दिलोरोमने तिच्या पांढऱ्या, गुळगुळीत बोटांकडे पाहिलं, मग आपल्या फोडांकडे.

"माझी किती वर्षांत होतील अशी?"

मोहिराने जरा आठवून पाहिलं. "चारेक," ती म्हणाली, आणि मांसाचा मोठा तुकडा तिच्या बाजूला सारला.