बंबाचा शनिवार

"मैना, दर शनिवारी बंबाले पाणी पाजत जाय. तहानला का मेला समज."

नवऱ्याचं, मनसारामचं हे बोलणं मैनाला अजून जसंच्या तसं ऐकू यायचं. पोंभुर्ण्याजवळच्या लाकूडगिरणीत त्याने तीस वर्षं आगीचा बंब सांभाळला. गिरणी बंद पडली, मग तोही गेला. पण जाण्याआधी त्याने तिच्याकडून हो म्हणवून घेतलं होतं.

बंब म्हणजे चार चाकांवरची लोखंडी टाकी, वर पितळी पंप आणि दोन बाजूंना दोन दांडे. एकाने दाबायचा, दुसऱ्याने उचलायचा, तेव्हा कुठे पाणी सुटे. काम दोघांचं आणि मैना एकटी. आवाराची झाडलोट करून ती तिथल्याच खोलीत राही. कुणाला हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. शनिवारी तिचा उपास असे. मारुतीला तेल वाहून आलं की उरलेलं तेल ती पंपात ओते आणि हात जोडे. तीन वर्षांत एक शनिवार चुकला नाही.

शेजारची कमळा कुंपणावरून विचारायची, "काऊन वो मैनाबाई, बंबाले नवस बोलली काय?"

यंदा गिरणीचं भंगार काढायचं ठरलं. पाहणीला आलेले साहेब बंबापाशी रेंगाळले. "असा बंब आता बघायला मिळत नाही. सोमवारी पाणी मारून दाखवा, फाटकाजवळ छप्पर घालून जपून ठेवू. नाहीतर ट्रकमध्ये जाईल."

मैनाने गिरणीच्या जुन्या फिटरला, जलालुद्दीनला, निरोप धाडला. गुरुवारी त्याने पंप उघडला. आतल्या रबरी झडपा पावासारख्या फुगल्या होत्या.

"बाई, हे काय टाकलं यात?"

"तेल. दर शनिवारी."

तो हसायला लागला; तिचा चेहरा पाहून थांबला. "मारुतीले तेल चालते बाई, रबराले नाई. फुगलेली झडप बसतच नाई. मनसारामभाऊनं काय सांगतलं होतं?"

"पाणी."

"मंग?"

मैना पलीकडच्या दांड्याकडे पाहत राहिली. उपास एकटीने होत होता, म्हणून केला. सांगितलेलं काम तेवढं राहिलं.

तसं रबर आता मिळणार नव्हतं. जलालुद्दीनने गिरणीच्या जुन्या चामडी पट्ट्यातून नव्या झडपा कापल्या, पाण्यात भिजवल्या आणि शुक्रवारी बसवल्या.

"आता उद्या-परवा पाणी मारा, तवा चामडं जागेवर बसन. माहा खांदा कामातून गेला, मी दांडा नाई मारू शकत. दुसरं माणूस पाहा. आन सोमवार झाला म्हणून सोडू नका. हर शनिवारी."

"हो, जलालभाऊ," ती म्हणाली. हे हो तिने दुसऱ्यांदा म्हटलं होतं.

शनिवारी तिने बाटलीतलं सगळं तेल मारुतीच्या दिव्यात ओतलं. परत येऊन टाकी भरली. पदर खोचला. एका दांड्यावर हात ठेवून पाहिला. दुसरा पलीकडे वर उचललेला होता.

कमळाच्या अंगणातून भांड्यांचा आवाज येत होता. ती हसणार, आणि तेलाचं ऐकल्यावर तर जास्तच हसणार. मैनाने हात पुसले आणि कुंपणाला वळसा घालून ती कमळाच्या दाराकडे निघाली.